‘थांबणे’ एक, अर्थ अनेक

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात, सिद्धेश्वर येथे, पूर्णा नदीवर धरण आहे. त्याच्या वरच्या अंगाला, परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात, येलदरीचे धरण आहे. येलदरीच्या जलविद्युत केंद्रातून बाहेर पडलेले पाणी सिद्धेश्वरात येते आणि तेथून कालव्यांवाटे हिंगोली, परभणी व नांदेड जिल्ह्यांतील शिवारांत पोहोचते. गेल्या शतकातील साठच्या दशकात हा पूर्णा प्रकल्प उभा राहिला. तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्याचाच भाग होता. त्याचा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला.

या धरणाने पूर्णेचे काय केले, असे त्या भागातील शेतकऱ्यास विचारले, तर ‘नदी थांबवली’ असे तो म्हणणार नाही. ‘पाणी अडवले’ असे म्हणेल. कालव्याविषयी बोलताना त्याची भाषा आणखी नेमकी होते. ‘आवर्तन संपले’ म्हणजे ठरलेल्या पाळीचे पाणी देऊन झाले. ‘पाणी बंद केले’ म्हणजे दार खाली आले, ते पुन्हा उघडेल. ‘पाणी तोडले’ म्हणजे कोणीतरी आपल्या वाट्याचा प्रवाह मध्येच दुसरीकडे वळवला. तिन्ही वेळा शेतातील पाट कोरडाच दिसतो. परंतु पहिल्या प्रसंगी शेतकरी पुढच्या आवर्तनाची वाट पाहतो, दुसऱ्या प्रसंगी पाटबंधारे कार्यालयात चौकशी करतो आणि तिसऱ्या प्रसंगी तक्रार घेऊन जातो. क्रियापद बदलले की पुढचे कर्तव्य बदलते.

आणखी एक गोष्ट त्याला ठाऊक असते. अडवलेले पाणी स्वस्थ बसत नाही. उन्हाने त्याची वाफ होते, काही जमिनीत मुरते आणि नदीने आणलेला गाळ तळाशी साचत राहतो. म्हणून ‘थांबले’ असे ऐकताच तीन प्रश्न विचारावे लागतात. कोणी थांबवले? पुन्हा कोण, केव्हा सुरू करणार? आणि थांबलेल्या काळात आतून काय चालू राहणार?

व्यापारी कुटुंबांना मराठीतील या छटा मुद्दाम शिकवाव्या लागत नाहीत. माल ‘खोळंबला’, वसुली ‘अडली’, गिऱ्हाईक दारात ‘थबकले’, मागणीदाराला चार दिवस ‘थोपवले’, सौदा ‘रखडला’, यांतील फरक पेढीवर वाढलेल्या मुलाला कानांनीच कळतो. अडचण येते ती इंग्रजी पत्र हाती पडल्यावर. बँक, कर खाते, न्यायालय, विमा कंपनी, पुरवठादार या सर्वांची पत्रे इंग्रजीत येतात आणि त्यांतील स्टॉप, पॉज, हॉल्ट, होल्ड, सस्पेंड, स्टे, फ्रीझ, डिफर, सीस या सर्व क्रियापदांचे घरात एकच भाषांतर होते: ‘बंद झाले’. या एका भाषांतरापायी कोणी विनाकारण घाबरतो, तर कोणी विनाकारण निश्चिंत राहतो. दुसऱ्या प्रकारात नुकसान अधिक होते.

स्टॉप: बोळा घालणे

‘स्टॉप’ हा शब्द मुळात भोक बुजवण्याचा आहे. लॅटिन भाषेत तागासारख्या धाग्याच्या चोथ्याला जो शब्द होता, त्यापासून तो आला असे मानतात. असा चोथा फटीत कोंबला की गळती थांबते. बाटलीच्या बुचाला इंग्रजीत ‘स्टॉपर’ म्हणतात, ते याच अर्थाने. म्हणजे ‘स्टॉप’मध्ये वाट बुजवली जाते, आतील द्रव नाहीसा होत नाही.

धनादेशाच्या ‘स्टॉप पेमेंट’चे नेमके हेच आहे. खातेदाराने बँकेला लेखी सूचना दिली की बँक त्या धनादेशाचे पैसे देत नाही. परंतु ज्या देण्यापोटी तो धनादेश दिला होता, ते देणे कायम असते. ‘आपण पेमेंट स्टॉप केले, खात्यात पैसे नव्हते असे नाही, मग खटला कसा होईल?’ असा समज बाजारात दीर्घकाळ होता. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली, पेमेंट थांबवल्यामुळे परत गेलेला धनादेशही येऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मोदी सिमेंट्सच्या खटल्यात स्पष्ट केले. धनादेश देणाऱ्याला बचावाची संधी असते. खात्यात पुरेशी रक्कम होती आणि पेमेंट थांबवण्यास सबळ कारण होते, हे त्याला दाखवता येते. मात्र ते दाखवण्याचा भार त्याच्यावर पडतो. धनादेश परत आल्याचे बँकेकडून समजल्यापासून ३० दिवसांत घेणेकऱ्याने लेखी नोटीस द्यायची आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम चुकती करायची, अशी कायद्याची रीत आहे. त्यामुळे निकृष्ट माल आला म्हणून पेमेंट थांबवणाऱ्याने त्याच दिवशी मालाविषयीची लेखी तक्रारही पाठवलेली बरी. केवळ ‘स्टॉप’ हा शब्द त्याचा बचाव करीत नाही.

विक्रेत्याच्या बाजूनेही हाच शब्द एका जुन्या हक्कात येतो. हिंगोली-वसमत भागातील एखाद्या आडत्याने हळदीचा ट्रक सांगलीला रवाना केला, मालाचे पैसे मिळालेले नाहीत, आणि वाटेतच बातमी आली की खरेदीदार देणी चुकवू शकत नाही. अशा वेळी वस्तू विक्री अधिनियम, १९३० त्याला वाटेतील माल अडवण्याचा हक्क देतो. माल प्रत्यक्ष ताब्यात घेऊन किंवा वाहतूकदाराला सूचना देऊन तो हक्क बजावता येतो. खरेदीदाराने माल ताब्यात घेतला की हक्क संपतो. परंतु त्याच कायद्याचे कलम ५४ सांगते की माल नुसता अडवल्याने सौदा रद्द होत नाही. खरेदीदाराच्या वतीने कोणी पैसे आणून दिले, तर माल द्यावाच लागतो. ट्रक थांबला, सौदा थांबला नाही.

व्याकरणातील एक सापळाही येथेच सांगितला पाहिजे. ‘वुई स्टॉप्ड सप्लाइंग’ म्हणजे आम्ही पुरवठा करणे थांबवले. ‘वुई स्टॉप्ड टू सप्लाय’ म्हणजे पुरवठा करण्यासाठी आम्ही दुसरे काही थांबवले. मराठीत ‘बोलायचे थांबला’ आणि ‘बोलायला थांबला’ यांत जो फरक आहे, तोच हा. थकबाकीदाराला कडक इशारा म्हणून पाठवलेल्या पत्रात दुसरे रूप पडले, तर इशाऱ्याचे आश्वासन होऊन बसते.

पॉज आणि हॉल्ट: थबकणे आणि थांबा

‘पॉज’ ग्रीक भाषेतून आला. त्यात पुन्हा सुरू होण्याचे गृहीत धरलेलेच असते. गाणाऱ्याने श्वास घेण्यासाठी घेतलेला विराम हे त्याचे उत्तम उदाहरण. म्युच्युअल फंडाच्या मासिक गुंतवणुकीत किंवा यूपीआयच्या ऑटोपे व्यवस्थेत ‘पॉज’ असा पर्याय असतो. तो निवडला की ठरलेल्या काळापुरती वजावट होत नाही. मूळ आदेश जिवंत राहतो आणि मुदत सरली की वजावट पुन्हा सुरू होते. ज्याला ती कायमची नको असेल, त्याने ‘रिव्होक’ किंवा ‘कॅन्सल’ हा पर्याय निवडायला हवा. दोन्ही पर्याय निवडल्यानंतर पुढच्या महिन्यात खात्यातून काहीच जात नाही, म्हणून ते सारखेच वाटतात. फरक कळतो तो काही महिन्यांनी, खात्यातून अचानक रक्कम वजा झाल्यावर.

‘हॉल्ट’चे मूळ जर्मन आहे आणि तो इंग्रजीत सैन्याच्या कवायतीतून आला. त्यात हुकूम आहे. चालणारा स्वतःहून थबकला तर पॉज. बाहेरच्या अधिकाराने जागच्या जागी उभे केले तर हॉल्ट. रेल्वेच्या भाषेत तो लहान थांब्याचे नाव झाला, जेथे गाडी क्षणभर उभी राहून पुढे जाते. प्रवास तेथे संपत नाही.

शेअर बाजारातील ‘ट्रेडिंग हॉल्ट’ याच जातीचा. निर्देशांक १०, १५ किंवा २० टक्क्यांनी हलला, तर ठरलेल्या नियमाने सर्व व्यवहार थांबतात. १३ मार्च २०२० रोजी सकाळी बाजार १० टक्क्यांनी कोसळला, व्यवहार ४५ मिनिटे थांबले आणि पुन्हा सुरू झाल्यावर सेन्सेक्स दिवसअखेर १,३०० अंकांहून अधिक वर बंद झाला. दहाच दिवसांनी, २३ मार्चला, तसाच हॉल्ट आला. त्या दिवशी मात्र सेन्सेक्स सुमारे १३ टक्के घसरून बंद झाला. हॉल्ट लोकांना विचार करण्यास अवधी देतो. पुढे काय होईल, हे तो सांगत नाही. ‘बाजार बंद पडला’ असे समजून त्या ४५ मिनिटांत मिळेल त्या भावाने विकण्याचा निश्चय ज्यांनी केला असेल, त्यांना १३ मार्चची संध्याकाळ जड गेली असणार.

सस्पेंड: टांगून ठेवणे

‘सस्पेंड’ म्हणजे शब्दशः टांगणे. मराठीतील ‘निलंबन’ या शब्दातही लोंबणेच आहे. निलंबित नोकर नोकरीवर नसतो आणि नोकरीतून गेलेलाही नसतो. बडतर्फ झालेला मात्र गेलेला असतो.

वस्तू व सेवा कराच्या नोंदणीबाबत हा फरक जीवनमरणाइतका महत्त्वाचा ठरतो. ‘सस्पेन्शन’ची सूचना आली, तर त्या काळात कर आकारून बीजक काढता येत नाही, परंतु नोंदणी उभी असते आणि खुलासा मान्य झाल्यास निलंबन उठते. ‘कॅन्सलेशन’ झाले, तर नोंदणीच जाते. मग तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावे लागते किंवा ती पुन्हा मिळवण्यासाठी मुदतीत अर्ज करावा लागतो. निलंबनाच्या सूचनेला ‘नंबर तर गेलाच’ असे समजून उत्तर न देणारा व्यापारी ज्याची भीती होती, तेच स्वतःच्या हाताने घडवून आणतो. उलट ‘नोंदणी रद्द झाली, आता सुटलो’ असे मानणाराही फसतो. नोंदणी रद्द झाली तरी त्यापूर्वीच्या काळातील कराची जबाबदारी तशीच राहते, असे केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाचे कलम २९ सांगते.

स्टे, होल्ड आणि फ्रीझ

‘स्टे’ या इंग्रजी क्रियापदाचा रोजचा अर्थ ‘राहणे’ असा आहे. न्यायालयाचा स्टे हाही ‘आहे तेथे राहा’ असाच हुकूम असतो. आपण त्याला स्थगिती म्हणतो आणि ती मिळाली की पेढे वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये श्री चामुंडी मोपेड्स या खटल्यात स्थगिती आणि आदेश रद्द होणे यांतील भेद नेमका मांडला. आदेश रद्द झाला, तर तो निघण्यापूर्वीची स्थिती परत येते. स्थगिती मिळाली, तर आदेश अस्तित्वात राहतो. त्या दिवसापासून त्याचा अंमल तेवढा होत नाही. कराच्या मागणीला स्टे मिळाला म्हणून ती रक्कम खर्च करून टाकणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. अपील फेटाळले गेले, तर तीच मागणी व्याज घेऊन पुन्हा दारात उभी राहते.

बँकेच्या खात्यावर येणारी बंधने तर हल्ली घरोघरी चर्चेचा विषय झाली आहेत. सायबर फसवणुकीतील एखादी रक्कम फिरत फिरत एखाद्या दुकानदाराच्या खात्यात मालाची किंमत म्हणून येते आणि पोलिसांच्या सूचनेवरून बँक खात्यावर बंधन घालते. घरात एकच वाक्य ऐकू येते: ‘खाते बंद झाले’. वस्तुतः तीन वेगळ्या गोष्टी संभवतात. ‘लीन’ किंवा ‘होल्ड’ असेल, तर तेवढीच रक्कम अडकलेली असते आणि उरलेली वापरता येते. ‘डेबिट फ्रीझ’ असेल, तर पैसे येऊ शकतात पण जाऊ शकत नाहीत. ‘टोटल फ्रीझ’ असेल, तर दोन्ही दिशा गोठतात. पहिल्या प्रकारात व्यापार चालू शकतो. दुसऱ्यात दिलेले धनादेश आणि कर्जाचे हप्ते परत जाऊ लागतात, म्हणून घेणेकऱ्यांना तातडीने कळवून दुसरी व्यवस्था करावी लागते. तिसऱ्यात गिऱ्हाइकांना दुसऱ्या खात्याचा क्रमांक द्यावा लागतो. म्हणून बँकेत गेल्यावर पहिला प्रश्न ‘खाते कधी उघडणार?’ हा नसावा. बंधन कोणत्या प्रकारचे आहे, किती रकमेवर आहे, कोणत्या अधिकाऱ्याच्या कोणत्या तारखेच्या पत्रावरून आहे, हे लेखी मागावे. ज्याने बंधन घालण्यास सांगितले, त्याच्याच पत्राने किंवा न्यायालयाच्या आदेशाने ते उठते. बँकेच्या खिडकीवर वाद घालून उठत नाही.

येथे उच्चाराचा एक गोंधळही होतो. ‘दुकान सीज केले’, ‘गाडी सीज केली’ असे आपण सर्रास म्हणतो. तो इंग्रजी शब्द ‘सीझ’, म्हणजे जप्त करणे. ‘सीस’ हा दुसराच शब्द, म्हणजे समाप्त होणे. ‘बिझनेस सीझ्ड’ आणि ‘बिझनेस सीस्ड’ ही दोन वाक्ये ऐकायला जुळी वाटली, तरी पहिल्यात जप्ती आहे आणि दुसऱ्यात धंद्याचा शेवट.

मोरेटोरियम: पुढे ढकलणे

या सर्व शब्दांत अलीकडच्या काळात सर्वांत महाग पडलेला शब्द ‘मोरेटोरियम’ हा होय. तो ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचा अर्थ विलंब करणे. मार्च २०२० या एकाच महिन्यात हा शब्द भारतीय कुटुंबांनी दोन उलट अर्थांनी ऐकला. ५ मार्चला येस बँकेवर मोरेटोरियम आला आणि ठेवीदारांना ५०,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम काढता येईना; १८ मार्चला तो उठला. नंतर २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने टाळेबंदीमुळे कर्जदारांना तीन महिन्यांचा मोरेटोरियम देण्याची मुभा बँकांना दिली आणि २२ मेच्या घोषणेने ती मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. पहिल्या प्रसंगी बँकेचे देणे पुढे ढकलले गेले, दुसऱ्या प्रसंगी कर्जदाराचे. देणे मात्र दोन्ही प्रसंगी माफ झाले नव्हते.

हा शेवटचा मुद्दा अनेक घरांत उशिरा ध्यानात आला. ‘सरकारने हप्ते बंद केले’ असे वाक्य कानोकानी पसरले आणि ज्यांच्या हाती पैसे होते, त्यांपैकीही अनेकांनी हप्ते भरले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या पत्रकात थकीत शिलकीवर व्याज चालू राहील, असे स्पष्ट लिहिलेले होते. थांबला होता हप्ता. व्याज चालतच होते.

हिशेब मांडून पाहावा. १० लाख रुपयांचे कर्ज, व्याज द.सा.द.शे. १२, आणि १२० हप्ते बाकी. मासिक हप्ता १४,३४७ रुपये. सहा महिने काहीच भरले नाही, तर सरळ व्याज ६०,००० रुपये आणि दरमहा व्याजावर व्याज धरल्यास ६१,५२० रुपये होते. या दोहोंतील फरक १,५२० रुपये. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जदारांसाठी जी सवलत जाहीर केली, ती या फरकापुरती होती. २३ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या काळातील व्याजावरील व्याज कोणत्याही कर्जदाराकडून घेऊ नये असा निर्णय दिला. तोही फरकापुरताच होता. संपूर्ण व्याजमाफीची मागणी न्यायालयाने नाकारली. म्हणजे वर्तमानपत्रांत ज्या ‘व्याजमाफी’ची चर्चा झाली, ती आपल्या उदाहरणात १,५२० रुपयांची. ६०,००० रुपये कर्जदाराच्या माथी राहिले.

ते साठ हजार मुद्दलात मिळवून हप्ता पूर्वीइतकाच ठेवला, तर उरलेले कर्ज फिटण्यास १२० ऐवजी १३५ हप्ते लागतात. सहा हप्ते थांबवले आणि शेवटी पंधरा वाढले. तेव्हा न भरलेली रक्कम सुमारे ८६,००० रुपये. अखेरीस जादा भरायची रक्कम सुमारे २ लाख १४ हजार रुपये. टाळेबंदीत ज्यांची दुकाने खरोखर बंद होती, पगार द्यायचे होते, औषधपाणी करायचे होते, त्यांच्यासाठी ती सवलत मोलाची होती आणि ती घेणे शहाणपणाचेच होते. ज्यांच्या बचत खात्यात पैसे पडून होते, त्यांनी मात्र चार टक्क्यांच्या आसपास मिळवण्यासाठी बारा टक्के मोजले. ‘डिफर’ आणि ‘वेव्ह’, म्हणजे पुढे ढकलणे आणि सोडून देणे, या दोन क्रियापदांतील फरक ज्या घरात त्या आठवड्यात कोणी समजावून सांगितला, त्या घराचे दोन लाख वाचले.

सीस: संपणे, तेही सूचनेने

उरला ‘सीस’. तो समाप्तीचा शब्द आहे. त्यात पुन्हा सुरू होण्याची अपेक्षा नसते. वस्तू विक्री अधिनियमाने दिवाळखोराची जी व्याख्या केली आहे, तीत हेच क्रियापद येते: ज्याचे व्यवहाराच्या ओघात देणी चुकवणे ‘सीस’ झाले आहे असा मनुष्य. एखादा हप्ता चुकणे वेगळे आणि देण्याचा प्रवाहच आटणे वेगळे, हे त्या शब्दाच्या निवडीतून कळते.

परंतु समाप्तीसुद्धा आपोआप पूर्ण होत नाही. व्यापारी घराण्यांत भाऊ वेगळे होतात, काका पेढीतून निवृत्त होतात, ‘सीसेस टू बी अ पार्टनर’ असे निवृत्तीपत्र होते, गोडीगुलाबीने हिशेब मिटतो. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ चे कलम ३२ सांगते की जाहीर सूचना दिली जाईपर्यंत निवृत्त भागीदार त्रयस्थ लोकांना भागीदार म्हणूनच जबाबदार राहू शकतो. नोंदणीकृत पेढीच्या बाबतीत ही सूचना निबंधकाकडे द्यावी लागते, राजपत्रात यावी लागते आणि पेढी ज्या जिल्ह्यात आहे तेथील स्थानिक भाषेतील एका तरी वर्तमानपत्रात छापावी लागते. घरच्यांना ठाऊक आहे, बाजारालाही ठाऊक आहे, एवढ्यावर भागत नाही. पुतण्याने पुढे पेढीच्या नावावर उधारीचा माल उचलला आणि तो फेडला नाही, तर पुरवठादार सत्तरीतल्या काकांच्या दारात येऊ शकतो. वर्तमानपत्रातील चार ओळींचा खर्च वाचवल्याने आयुष्यभराची अब्रू आणि भावाभावांतील प्रेम दोन्ही पणाला लागते.

यातून व्यवहारासाठी एक साधा नियम निघतो. ‘थांबले’, ‘बंद झाले’, ‘रद्द झाले’ असे सांगणारे इंग्रजी पत्र आले, की त्यातील क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि समासात तीन उत्तरे मराठीत लिहावी: कोणी थांबवले, केव्हा व कोणाच्या आदेशाने सुरू होईल, आणि तोवर काय चालू राहील. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पत्रात सापडत नसेल, तर ते लेखी विचारावे. स्वतः पत्र लिहितानाही हीच शिस्त पाळावी. पुरवठादाराला नुसते ‘ऑर्डर होल्ड करा’ असे लिहू नये. अमुक तारखेपर्यंत माल पाठवू नये, त्या तारखेस कळवू, आणि तोपर्यंत गोदामाचे भाडे कोणाकडे, हेही लिहावे. माल नकोच असेल, तर ‘होल्ड’च्या आडोशाला न जाता ‘कॅन्सल’ असे स्पष्ट लिहावे. समोरचा मनुष्य नाराज होईल. पण तो आपल्यासाठी माल राखून ठेवणार नाही आणि पुढे त्याचे नुकसान झाले म्हणून जुने संबंधही तुटणार नाहीत.

हे काम घरातील तरुण मुलामुलींना आणि सुनांना द्यावे. त्यांचे इंग्रजी वडीलधाऱ्यांपेक्षा चांगले असते. वडीलधाऱ्यांना देण्याघेण्याचा अनुभव अधिक असतो. पत्र एकाने वाचावे आणि तीन प्रश्न दुसऱ्याने विचारावे. दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी एका दुपारी अशी सगळी पत्रे काढून बसले, तर कोणते देणे संपले आहे आणि कोणते नुसते थांबले आहे, याची यादी नव्या वहीच्या पहिल्या पानाआधीच तयार होईल.